यादीबाहेरचे प्राध्यापक

आमच्या कॉलेजच्या मैदानाला लागून जी दगडी भिंत आहे, तिच्यावर दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर एक वही फिरू लागते. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. या वहीत प्रत्येकाने आपल्या मते विद्यापीठाच्या क्रिकेट संघात कोणाकोणाची वर्णी लागणार, ती पंधरा नावे लिहायची आणि खाली सही ठोकायची. पुढे संघाची यादी लागली, की ज्याची नावे सर्वांत कमी जुळतील त्याने साऱ्या कट्ट्याला चहा आणि बनमस्का द्यायचा. व्यवहार एवढाच. २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हापासून वहीच्या मागच्या पानांवर तिच्या लिलावाचेही अंदाज लिहिले जातात. म्हणजे वही आता दोन्ही बाजूंनी भरत येते. प्रस्तुत लेखकाने या वहीपायी आजवर दोनदा बनमस्का दिलेला आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे. क्रिकेटमधला जाणकार म्हणून माझे मत कोणी गंभीरपणे घेऊ नये.

गेल्या वर्षी मात्र या खेळाची थोडी शिसारीच आली. आमच्या कॉलेजच्या सलामीच्या फलंदाजाने आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत खोऱ्याने धावा काढल्या होत्या. वहीतल्या प्रत्येक पानावर त्याचे नाव पहिले किंवा दुसरे. यादी लागली, आणि तीत त्याचे नाव नव्हते. त्याहून नवल म्हणजे त्या वर्षी एका मुलाची पंधरापैकी तेरा नावे बरोबर आली. हा विक्रमच म्हणायचा. आम्ही त्याला विद्येचे मर्म विचारले, तेव्हा कळले की त्याने त्या मोसमात एकही सामना पाहिला नव्हता. कोण मुलगा कोणाच्या नेटवर जातो आणि निवडीच्या दिवशी खुर्च्यांवर कोण कोण बसणार आहे, एवढीच माहिती त्याने काढली होती. बनमस्का त्याने चवीने खाल्ला. आमचा सलामीचा फलंदाज पुढे कित्येक दिवस भिंतीकडे फिरकला नाही.

त्या दिवसांत ग्रंथालयात बसून मी एका माणसाचे चरित्र वाचून काढले. तो माणूस या निवडीच्या खेळात सर्व बाजूंनी बसला होता. एकदा त्याची निवड व्हायला नको होती तेथे ती झाली. एकदा व्हायला हवी होती तेथे झाली नाही. आणि नंतर निवडण्याचे काम त्याच्याच हाती आले. शिवाय तो आमच्या गावचा, कॉलेजातला मास्तर, आणि विषय संस्कृत. मी स्वतः संस्कृतचा विद्यार्थी असल्यामुळे (वर्गात आम्ही सात जण आहोत, त्यांतले चार नियमित) हा शेवटचा मुद्दा मला विशेष जिव्हाळ्याचा वाटला. प्रा. दिनकर बळवंत देवधर हे त्यांचे नाव. नाव सर्वांना ठाऊक असते, कारण त्यांच्या नावाचा करंडक आहे. करंडक झालेल्या माणसाविषयी आणखी काही वाचायचे राहून जाते.

देवधरांचा जन्म पुण्यात १४ जानेवारी १८९२ रोजी झाला. त्या काळचे पुणे क्रिकेटच्या दृष्टीने दोन गावांचे होते. लष्कर भागात साहेबांचे क्रिकेट चाले. तेथे हिरवळ, तंबू आणि गोरे अधिकारी. इकडे शहरात हिंदू क्लबांचे आणि शाळा-कॉलेजांचे क्रिकेट, बरेचसे खडबडीत मैदानांवर. आज आपण ज्याला व्यावसायिक खेळ म्हणतो त्याचा मागमूसही नव्हता. करार नाही, लिलाव नाही, पगार नाही. राजेरजवाडे एखाद्याला पदरी ठेवीत, तेवढीच सोय. बाकीच्यांनी नोकरी सांभाळून खेळायचे. आणि सर्वांत मोठी निवड म्हणजे मुंबईला चालणाऱ्या जातवार सामन्यांत आपापल्या संघात जागा मिळणे. युरोपियन, पारशी आणि हिंदू यांचे तिरंगी सामने १९०७ पासून होत होते. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला आणि ते चौरंगी झाले. पुण्याच्या हुशार पोराने हिंदूंच्या संघात जावे, यापलीकडे स्वप्नाला वाव नव्हता. देवधर १९११ साली, एकोणिसाव्या वर्षी, प्रथम श्रेणीच्या सामन्यात पहिल्यांदा उतरले. पुढे ते शिक्षण प्रसारक मंडळीच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागले. १९१६ साली न्यू पूना कॉलेज म्हणून निघालेले हे कॉलेज आता सर परशुरामभाऊ महाविद्यालय, म्हणजे आपले एस. पी., म्हणून ओळखले जाते. सकाळी शब्दरूपे आणि संध्याकाळी बॅट, असा हा संसार.

आता १९२० सालची गोष्ट. ही गोष्ट देवधरांच्या गौरवग्रंथांत फारशी रंगवून सांगितली जात नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. पण माझ्या विषयाचा गाभा तीतच आहे. ती सांगण्यासाठी थोडे मागे, पुण्याच्याच लष्करी मैदानाकडे जायला हवे.

पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला मुलगा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात मैदानाची कामे करीत होता. रूळ फिरवायचा, जाळी बांधायची, आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजाला त्याने असे असंख्य चेंडू टाकले आणि त्यातूनच तो डावखुरा गोलंदाज तयार झाला. त्याची कीर्ती शहरात पोहोचली, तेव्हा पुण्याच्या हिंदूंपुढे प्रश्न उभा राहिला. साहेबांना हरवायचे तर बाळू हवा. बाळूला घ्यायचे तर त्याला शिवावे लागणार. वाद झाले आणि शेवटी त्याला घेतले. पण मैदानावर त्याच चेंडूला हात लावणारे लोक चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. १९११ मध्ये हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूने त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे असूनही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याच्याकडे कधी आले नाही. त्याचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल हेही संघातले मुरलेले खेळाडू होते.

१९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळूला वगळण्यात आले आणि म. दा. पै यांना कर्णधार नेमले गेले. पै आजारी पडले. त्यांच्या जागी अनुभवाने विठ्ठल किंवा शिवराम यांचा हक्क होता. निवड समितीने नेमले ते देवधरांना. देवधर अठ्ठावीस वर्षांचे, पदवीधर, ब्राह्मण, आणि या दोघांहून संघात कनिष्ठ. विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले आणि आपण का बाहेर पडत आहोत हे त्यांनी जाहीर पत्रकाने लोकांपुढे मांडले. क्रिकेटच्या मैदानावरून जातीचा प्रश्न इतक्या स्वच्छ शब्दांत क्वचितच मांडला गेला असेल. लोकमत त्यांच्या बाजूने वळले, समिती नमली. अंतिम सामन्यात पै परत कर्णधार म्हणून आले, बाळूला उपकर्णधार नेमण्यात आले, आणि पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर राहिले, जेणेकरून बाळूला थोडा वेळ का होईना संघ हाकता यावा. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाला आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवले.

हे वाचताना मला आमची वही आठवली. १९२० साली आमच्यासारखा कट्टा असता आणि हिंदू संघाचा कर्णधार कोण होणार असा अंदाज बांधायचा असता, तर कोण जिंकले असते? ज्याने विठ्ठलची फलंदाजी वर्षानुवर्षे पाहिली तो हरला असता. निवड समितीत कोण बसतो, कोण कोणाच्या पंक्तीला जेवतो, हे ज्याला ठाऊक होते त्याचा अंदाज तंतोतंत उतरला असता. बनमस्का त्याचाच. आमच्या तेरा नावांच्या विक्रमवीराचे मला जे खुपत होते ते हेच, आणि ते मला शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणात सापडावे याची गंमत वाटली, थोडी लाजही वाटली. देवधरांनी ती जागा मागून घेतली असे कोणी म्हणत नाही. पण त्यांना ती मिळाली, आणि त्यांच्या थोरवीचा हिशोब मांडताना ही रक्कम खात्यातून खोडता येत नाही.

नियती मात्र हिशोब विचित्र पद्धतीने पुरे करते. १९२६ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम.सी.सी.चा संघ हिंदुस्थानात आला. मुंबईच्या जिमखान्यावर सी. के. नायडू यांनी हिंदूंतर्फे अकरा षटकारांसह १५३ धावा झोडपल्या, त्याची कहाणी आजही सांगितली जाते. लोकांना षटकार लक्षात राहतात. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याच मैदानावर अखिल भारतीय संघ एम.सी.सी.शी खेळला, आणि त्यात प्रा. देवधरांनी १४८ धावा केल्या. पहिल्या डावात आघाडी आपली राहिली. साहेबांच्या पहिल्या प्रतीच्या संघापुढे सारा देश म्हणून उभे राहता येते, हे नायडूंच्या आणि देवधरांच्या या दोन खेळींनी दाखवून दिले. गिलिगन यांनी येथल्या मंडळींना स्वतःचे नियामक मंडळ काढण्यास उत्तेजन दिले, १९२८ मध्ये मंडळ स्थापन झाले, आणि जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताने पहिला कसोटी सामना खेळला.

त्या संघात देवधर नव्हते.

त्यांचे वय तेव्हा चाळीस होते. निवड समितीच्या बाजूने विचार केला तर चाळिशीतल्या माणसाला बोटीने इंग्लंडला नेऊन चार महिने थंडी-पावसात धावायला लावणे हा जुगारच. आमच्या वहीतही कोणी त्यांचे नाव लिहिले नसते. मी तर नक्कीच नाही. १९३६ च्या दौऱ्याच्या वेळी ते चव्वेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे प्रश्न मिटलाच. कसोटी क्रिकेटचे दार उघडावे म्हणून ज्यांनी धडका दिल्या, त्यांपैकी एक जण ते उघडले तेव्हा उंबऱ्याबाहेर राहिला. आयुष्यात ते एकही कसोटी सामना खेळले नाहीत. आता खरी मजा अशी, की ज्याच्या अंगात चार महिन्यांचे क्रिकेट उरलेले नाही असे मानले गेले, तो गृहस्थ पुढे जवळजवळ पंधरा वर्षे प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळला आणि त्याची सर्वोत्तम कामगिरी याच पंधरा वर्षांतली आहे.

१९३४-३५ मध्ये रणजी करंडकाचे सामने सुरू झाले. येथे संघ प्रांतवार होते. जात विचारली जात नव्हती. मुंबई शहराचा संघ वेगळा आणि महाराष्ट्राचा वेगळा, आणि ही वाटणी महाराष्ट्राच्या दृष्टीने कोड्याची होती. मुंबईकडे जिमखाने, पैसा, गिरण्या-कचेऱ्यांचे संघ, विजय मर्चंटसारखे फलंदाज. महाराष्ट्राकडे पुणे आणि मग नाशिक, सांगली, कोल्हापूर, सोलापूर असा विखुरलेला मुलूख, जेथे एखादा मुलगा चांगला खेळतो हे पुण्याला कळायलाच दोन मोसम जात. कॉलेजच्या पोरांची आणखी एक अडचण होती. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघाले. तोवर पुण्याची कॉलेजे मुंबई विद्यापीठाखाली. आंतरविद्यापीठ सामन्यांचा रोहिंटन बारिया करंडक १९३५ साली सुरू झाला खरा, पण पुण्याच्या विद्यार्थ्याला त्यात खेळायचे तर मुंबईच्या मुलांतून वर यावे लागे. एस. पी.च्या किंवा फर्ग्युसनच्या मैदानावर कोणी कितीही गाजला तरी त्याला पाहणारा डोळा मुंबईत बसलेला.

देवधरांच्या मोठेपणाचा खरा भाग मला येथे दिसतो. महाराष्ट्राचा संघ त्यांच्या हाती आला, तेव्हा त्यांच्यापुढे निवडायला फार लोक नव्हते. ज्यांना इतरांनी अजून पाहिले नाही, ज्यांना पाहून सोडून दिले, किंवा जे अजून पुरते पिकलेलेच नाहीत, अशांतूनच अकरा उभे करायचे होते. सांगलीचा विजय हजारे त्यांच्या संघात होता. १९३९-४० च्या मोसमात पुण्यात बडोद्याविरुद्ध त्याने नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी सामन्यांतले ते पहिले त्रिशतक. देखणा आणि उंचापुरा रंगा सोहोनी होता, जो नवा चेंडूही टाके आणि सलामीला जाऊन शतकेही काढी. चंदू सरवटे सागरहून आलेला, फिरकी टाकणारा आणि कोठल्याही क्रमांकावर मुकाट्याने खेळणारा. सदाशिव शिंदे हा किडकिडीत, विशीही न गाठलेला लेगस्पिनर. लेगस्पिनर मुलाला संघात घेणे म्हणजे त्याच्या चेंडूवर मार खाण्याची तयारी ठेवणे, हे क्रिकेट खेळणाऱ्याला सांगायला नको.

शिक्षक असल्याचा त्यांना येथे फायदा झाला असावा, असे माझे आपले मत आहे. आम्ही भिंतीवर बसणारे लोक धावा मोजतो. ज्याने शतक काढले त्याचे नाव वहीत जाते. शिक्षकाला परीक्षेचे गुण दिसतातच, पण तो त्याच मुलाला दोन-दोन, चार-चार वर्षे बाकावर बसलेला पाहत असतो. कोण पाठ केलेले लवकर विसरतो, कोणाला चूक दाखवली की राग येतो, कोण पहिल्या वर्षी अडखळतो पण तिसऱ्या वर्षी सुटतो, हे त्याला कळते. संस्कृतच्या वर्गात तर ते फारच कळते. संधी सोडवताना माणसाचा स्वभाव बाहेर पडतो, हा आम्हा सात जणांचा अनुभव आहे. (आमच्या सरांनी हे वाचले तर त्यांनी माझ्याविषयी कोणता अंदाज बांधला आहे ते कृपया जाहीर करू नये.)

१९३९-४० मध्ये पुण्यात संयुक्त प्रांताला हरवून महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. कर्णधार अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. दुसऱ्या वर्षी तो राखायचा होता, आणि वाटेत मुंबई होती. पुण्यात झालेल्या या सामन्याचे आकडे आजही वाचताना छाती दडपते. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या, त्यांत कर्णधार देवधर २४६. मग मुंबई खेळायला उतरली आणि तीही थांबेना. मर्चंट यांचे शतक झाले, खंडू रांगणेकरने २०२ काढल्या. हा रांगणेकर आदल्याच मोसमात महाराष्ट्राकडून, देवधरांच्या हाताखाली खेळलेला! म्हणजे आपणच पारखलेला मुलगा आता पलीकडे उभा राहून आपल्याच गोलंदाजांना फोडून काढत होता. मुंबईचा डाव संपला तो ६५० वर. पंचवीस धावांच्या आघाडीने सामना महाराष्ट्राचा झाला. पन्नाशीला टेकलेला, नाकीडोळी नीटस, टोपी घातलेला हा प्राध्यापक २४६ धावा काढून पुन्हा ६५० धावा होईपर्यंत क्षेत्ररक्षण करीत मैदानावर उभा होता, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की १९३२ च्या निवड समितीची थोडी कीव येते. त्यानंतर मद्रासमध्ये मद्रासला हरवून महाराष्ट्राने करंडक राखला.

हा संघ लवकरच पांगला. हजारे बडोद्याला गेला, सरवटे होळकरांकडे. संस्थानिकांकडे नोकरी मिळे, घर चाले. पुण्याला तसे देण्याजोगे काही नव्हते. आज लिलावात मुले चढ्या बोलीच्या संघात जातात त्याचा हा जुना, राजेशाही अवतार. देवधरांनी हेरावे आणि दुसऱ्याने न्यावे, हे चालूच राहिले. पण १९४६ साली महायुद्धानंतरचा पहिला भारतीय संघ इंग्लंडला निघाला, तेव्हा त्या सोळा जणांत हजारे, सोहोनी, सरवटे आणि शिंदे हे चौघे होते. चौघेही देवधरांच्या महाराष्ट्र संघातून खेळलेले. त्याच दौऱ्यात ओव्हलवर सरेविरुद्ध सरवटे आणि शूटे बॅनर्जी यांनी शेवटच्या जोडीसाठी २४९ धावांची भागी केली. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांचीही शतके! हजारे पुढे भारताचा कर्णधार झाला, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला तो त्याच्याच नेतृत्वाखाली. आमच्या वहीच्या भाषेत बोलायचे तर देवधरांची चार नावे जुळली होती, आणि ती त्यांनी यादी लागण्याच्या पाच-सहा वर्षे आधी लिहून ठेवली होती.

स्वतः देवधर १९४४ साली, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतक करून मोकळे झाले. १०५ आणि १४१. त्यांची प्रथम श्रेणीतील कारकीर्द संपली तेव्हा त्यांच्या नावावर साडेचार हजारांवर धावा होत्या. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीवर बसले, महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले, नियामक मंडळाचे उपाध्यक्ष झाले. आत्मचरित्रही त्यांनी लिहिले. या काळाविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ असेल, पण पदांच्या यादीत मला फारसा रस नाही.

एका गोष्टीपाशी मात्र मी बराच वेळ थांबलो. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर होता. प्रतिस्पर्धी संघाला एवढी शोभा सोसेना आणि त्यांनी सामनाच सोडून दिला. निंबाळकर तसेच परतले. रणजी करंडकाच्या इतिहासात आजही त्याहून मोठी खेळी नाही. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. म्हणजे आपल्या या एका पुण्याच्या क्रिकेटने दोन माणसे अशी दिली, की ज्यांची नावे साऱ्या देशाला ठाऊक आणि ज्यांच्या नावापुढे कसोटी सामने शून्य. अंदाज बांधणाऱ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर ही दोन नावे लिहून ठेवावीत.

देवधरांच्या घरी आणखी एक निवड चालली होती, आणि तिच्याकडे आमच्यासारख्यांचे लक्ष उशिरा जाते. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या तीन मुलींनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटनवर राज्य केले. ज्या काळात पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात मुलीने सायकल चालवली तरी शेजारी खिडकीत येत, त्या काळात एका संस्कृतच्या प्राध्यापकाने तिन्ही मुलींच्या हाती रॅकेट दिली. आमच्या भिंतीवरच्या वहीत मुलींची नावे गेल्या दोन-तीन वर्षांत येऊ लागली आहेत. तीही मुलींच्या कट्ट्याने स्वतंत्र वही काढून आम्हाला लाजवल्यावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिलांच्या प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला, तेव्हा पहिले नाव पुकारले गेले ते सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाचे, आणि बोली थांबली ३ कोटी ४० लाखांवर. हजारेंच्या सांगलीतून हजारेंच्या काळी एखादी मुलगी निघाली असती, तर तिला कोणत्या समितीने पाहिले असते?

आणि लिलावाचे म्हणाल, तर तोही आमच्या वहीइतकाच चुकतो. डिसेंबर २०१८ च्या लिलावात पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला चेन्नईने अवघ्या वीस लाखांच्या मूळ किमतीला घेतले. म्हणजे आकडेतज्ज्ञ आणि संगणक घेऊन बसलेल्या बाकीच्या साऱ्या टेबलांपैकी एकालाही त्याच्यासाठी वीस लाखांवर एक पायरी चढावीशी वाटली नाही. २०२१ च्या स्पर्धेत त्याच्या सर्वाधिक ६३५ धावा झाल्या. आमच्या कट्ट्यावर याची आठवण काढली की सगळे जण एकदम आपण तेव्हाच म्हणालो होतो असे सांगू लागतात. सुदैवाने २०१८ ची वही हरवलेली आहे.

देवधरांना १९६५ साली पद्मश्री आणि १९९१ साली पद्मभूषण मिळाले. १९७३-७४ मध्ये विभागीय संघांची मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू झाली, तिच्या करंडकाला त्यांचे नाव देण्यात आले. या स्पर्धेने पुढे कितीतरी तरुणांना निवड समितीच्या नजरेपुढे आणले. ज्याला यादीत जागा मिळाली नाही, त्याच्या नावाने याद्या तयार होऊ लागल्या. देवधर हे सारे पाहायला होते. क्रिकेटमध्ये शतक अनेकांचे होते. आयुष्याचे शतक पुरे करणारे प्रथम श्रेणीचे खेळाडू थोडेच. १९९२ साली त्यांनी शंभरी गाठली आणि २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यातच ते गेले.

आमचा सलामीचा फलंदाज या वर्षी नेटवर परत दिसू लागला आहे. मी त्याला देवधरांच्या १९३२ ची आणि निंबाळकरांची गोष्ट सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली आणि विठ्ठल-शिवराम यांनी जे पत्रक काढले ते कोठे वाचायला मिळेल असे विचारले. हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मी त्याला पळवणकर बंधूंवरच्या पुस्तकाचा क्रमांक ग्रंथालयातून आणून दिला. वही पुन्हा फिरू लागली आहे. माझ्या पंधरा नावांत त्याचे नाव पहिले आहे. तेरा नावांच्या विक्रमवीराने ते अजून लिहिलेले नाही. यादी पुढच्या पंधरवड्यात लागणार आहे, आणि मी बनमस्क्याचे पैसे बाजूला काढून ठेवले आहेत.